पाणी जोखताना

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मी बादल्या खाली ठेवल्या तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांवर कडीचे लाल वळ उठले होते. पायजमा एका बाजूने गुडघ्यापर्यंत भिजला होता. मागे वळून पाहिलं तर प्रत्येक पायरीवर मी थोडं थोडं पाणी सांडत आलो होतो, आणि वर अजून अठरा पायऱ्या बाकी होत्या. निघताना घरच्यांना ऐटीत सांगितलं होतं, "दोन-चार खेपा मारल्या की झालं." ही पहिलीच खेप होती.

इमारतीचा पंप जळला होता. खालच्या टाकीत पाणी भरपूर, गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी, आणि मध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं. मी, बायको, लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. पंप दुरुस्तीला गेला तो पाचव्या दिवशी परत आला. पाण्याचा तुटवडा म्हणावा असं यात काहीच नव्हतं. पाणी होतं, फक्त ते चालत वर येत नव्हतं. तरीही पाण्याबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं त्या पाच दिवसांत जिन्यावर कळलं. त्याआधी मी वर्तमानपत्रांतले धरणांच्या साठ्याचे आकडे वाचत होतो, चुकचुकत होतो आणि बेसिनचा नळ चालू ठेवून दाढी करत होतो.

पहिल्या दिवशी आठ खेपा झाल्या. बादल्या काठोकाठ भरल्या की सांडतात, म्हणून एकेक बारा-तेरा लिटरच भरायची. एका खेपेला पंचवीस लिटर. रात्री आडवा झालो तेव्हा खांद्यांचे सांधे मोजून दाखवता आले असते. आईने तेल आणून दिलं आणि शेजारी बसून म्हणाली, "पाण्याला वजन असतं हे तुला पन्नाशीत कळलं होय रे?"

तिच्या बोलण्यात टोमणा कमी आणि आश्चर्य जास्त होतं. तिचं लहानपण विहिरीचं पाणी शेंदण्यात गेलं. घरी पाणी किती लागतं हे तिला लिटरमध्ये कधीच सांगता आलं नाही, खेपांत मात्र अचूक सांगता यायचं. पाहुणे आले की दोन खेपा जास्त, कपडे धुवायचे असले की चार. पाणी जपून वापरा असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. सांडलेलं पाणी पुन्हा आपल्यालाच आणायचं असतं, एवढं एक कारण तिला पुरेसं होतं.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. ही बरोबरी मुळात योगायोगाने आलेली नाही. १७९५ साली फ्रान्समध्ये दशमान मापं ठरवली गेली तेव्हा एक घन सेंटीमीटर पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम असंच धरलं होतं. म्हणजे जगातल्या बाकीच्या वस्तू पाण्याशी तोलून मग त्यांचं वजन ठरलं. आपल्या भाषेतही एखाद्याची कुवत अजमावायची तर आपण त्याचं 'पाणी जोखतो'. जोखणं म्हणजे तोलणं. गंमत अशी, की माणसांचं पाणी जोखण्यात आपण तरबेज आणि खरंखुरं पाणी मात्र कधी तोललेलं नाही. नळाने ती गरजच ठेवली नाही. तोटी फिरवायला जेवढं बळ लागतं तेवढंच एका पेल्याला लागतं आणि तेवढंच पिंपभर पाण्याला.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीचं वजन माझ्या डोक्यात आपोआप येऊ लागलं. आमची फ्लशची टाकी जुन्या पद्धतीची, दहा लिटरची. एकदा कळ दाबली की दहा किलो गेले. शॉवरचं तर विचारूच नका. साध्या शॉवरमधून मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी पडतं; लेकीची दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे नव्वद किलो, चांगला धिप्पाड माणूस खांद्यावर घेऊन तीन मजले चढण्यासारखं. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तू प्लीज माझ्या अंघोळीकडे माणूस म्हणून बघू नकोस." पण त्या संध्याकाळी एका खेपेला ती माझ्याबरोबर खाली आली. एक बादली तिने उचलली. पहिल्या मजल्यावर तिने हात बदलला, दुसऱ्यावर ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिची अंघोळ आठ लिटरांत झाली. मी काही बोललो नव्हतो.

आठ लिटरांत अंघोळ होते. हे मला स्वतःला खरं वाटलं नसतं. आईने मोठं टमरेल बाजूला ठेवून लहान तांब्या काढून दिला, एवढीच तिची युक्ती. अंघोळीचं पाणी मोरीत न सोडता खाली पसरट टबात धरायचं आणि तेच संडासाला वापरायचं, हेही तिनेच सुचवलं. हाताने ओतायचं झालं तर दोन-तीन लिटरांत काम भागतं. मग टाकी इतकी वर्षं दहा लिटर कशासाठी ओतत होती? कारण ती बसवणाऱ्याने तेवढ्या मापाची बसवली आणि आम्ही कधी विचारलं नाही. तिसऱ्या दिवसापासून चार खेपांत, म्हणजे शंभर लिटरांत, चौघांचं घर चालू लागलं. कपडे मात्र तुंबले, आणि तो ढीग पाहून बायकोचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत गेला, हेही सांगायला हवं. शंभर लिटर म्हणजे काही सुखाचं जगणं नव्हतं. माणशी पंचवीस लिटर.

हा पंचवीसचा आकडा मला ओळखीचा वाटत राहिला आणि रात्री आठवलं: केप टाउन. २०१५ ते २०१७ अशी ओळीने तीन वर्षं पाऊस रुसला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या त्या मोठ्या शहराची धरणं आटत गेली. साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घराघरांचे नळ बंद करायचे आणि शहरात सुमारे दोनशे ठिकाणी रांगा लावून माणशी रोज पंचवीस लिटर पाणी द्यायचं, असं ठरलं होतं. त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं 'डे झिरो'. २०१८ च्या एप्रिलमधली तारीखही जाहीर झाली. १ फेब्रुवारी २०१८ पासून तर नळ चालू असतानाच माणशी पन्नास लिटरांची मर्यादा आली.

बातमी वाचली होती तेव्हा मला त्यात फक्त भीती दिसली होती. बादल्या उचलल्यावर तीच हकिगत वेगळी दिसायला लागली. त्या शहराने लोकांना पाणी मोजायला लावलं होतं. रस्त्यांवरच्या फलकांवर साठा किती दिवसांचा उरला ते झळकत होतं. पालिकेने एक नकाशा लोकांसमोर ठेवला, त्यात मर्यादेत राहणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका. आपल्या घरावर ठिपका आहे की नाही हे शेजाऱ्याला दिसतं म्हटल्यावर माणूस काय काय करतो, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. लोक दोन मिनिटांत अंघोळ उरकू लागले, पायाखाली बादली ठेवून. शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याच्या आसपास उतरला. जवळच्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणांतलं पाणी शहराकडे सोडलं. तारीख पुढे पुढे ढकलली गेली, २०१८ च्या मध्यावर पाऊस आला, आणि तो दिवस उगवलाच नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त सतावते. त्याच शहरातल्या झोपडवस्त्यांत हजारो माणसं त्याआधीपासूनच सामायिक नळावरून बादल्या भरून नेत होती. त्यांच्यासाठी 'डे झिरो' ही धास्ती घेण्यासारखी नवी गोष्ट नव्हती, तो रोजचा मंगळवार होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२३ चा अहवाल सांगतो, की जगात १८० कोटी माणसांच्या घरी किंवा आवारात पाणी नाही. ते बाहेरून आणावं लागतं. आणि अशा दर दहापैकी सात घरांत ते काम बायका आणि मुली करतात. मी पाच दिवस केलं तर माझ्या खांद्यांना तेल मिळालं आणि आता हा लेखही होतोय. आईने बारा-तेरा वर्षं केलं, त्याची नोंद तिच्या मानेतल्या कुरकुरीखेरीज कुठे नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी नळ फुसफुसला, खोकला, लालसर पाण्याची गुळणी टाकली आणि वाहू लागला. आम्ही चौघंही बेसिनशी उभे. मी मनाशी ठरवलं होतं, की आता सवय लागलीये, आता आपण पूर्वीसारखे वागणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं तर खाली नळ चालू होता. इतकं सोपं असतं विसरणं. स्मशानवैराग्य म्हणतात तशातला प्रकार.

तेव्हा मी ठरवलं, की स्वतःच्या सवयीवर विसंबायचं नाही, आकड्यावर विसंबायचं. जिन्यातल्या कोनाड्यात आमच्या घराचं पाण्याचं मीटर आहे. इतकी वर्षं त्यावर धूळ होती. पुसून पाहिलं तर काळे आकडे हजार लिटरांचे, लाल आकडे त्याखालचे, आणि शेजारी एक चिमुकलं चक्र, पाणी वाहिलं की गरगरणारं. आठवडाभर रोज रात्री आकडा टिपला. सरासरी निघाली दिवसाला ५६० लिटर, माणशी १४०. माझ्या मापात रोज बावीस खेपा. मी वहीकडे बघतच राहिलो. आम्ही काही उधळे लोक नव्हतो. बाग नाही, गाडी धुवायची नाही. मग हे पाणी जात कुठे होतं?

उत्तर मिळालं ते रात्री. एका प्लंबरने फार पूर्वी सांगितलेली गोष्ट आठवली: सगळे झोपल्यावर मीटर बघा. रात्री अकराला सगळे नळ बंद करून आकडा लिहिला, सकाळी सहाला कुणी उठायच्या आत पुन्हा पाहिला. ६३ लिटर गेले होते. कुणीही काहीही न वापरता. दिवसाचा हिशेब केला तर २१६ लिटर. म्हणजे आमच्या घरात एक पाचवा माणूस राहत होता. तो पीत नव्हता, नाहत नव्हता, आवाज करत नव्हता, आणि आम्हा प्रत्येकाच्या अडीचपट पाणी वापरत होता. आमचा खरा वापर माणशी ८६ लिटर होता; १४० ही सरासरी त्याने फुगवलेली.

गळती म्हटलं की आपल्याला टपटप आठवते. मलाही तीच संशयित वाटली होती, कारण मोरीतला एक नळ खरोखरच ठिबकत होता. त्याखाली रात्रभर भांडं ठेवलं. सकाळी दीड लिटर पाणी. त्रासदायक, पण ६३ पुढे किरकोळ. बाकीचं पाणी ज्या वाटेने जात होतं ती वाट मुकी होती. लेकीच्या रंगपेटीतला निळा रंग कालवून फ्लशच्या टाकीत ओतला आणि पाव तास कळ न दाबता थांबलो. पांढऱ्या भांड्यात एक निळी रेघ बारीक, संथ, अखंड उतरत होती. टाकीच्या तळाशी जी रबरी झडप असते ती क्षार बसून ताठ झाली होती. नीट टेकत नव्हती. पाणी खाली सरकत होतं, वरून तेवढंच भरत होतं, आणि टाकी सदैव भरलेली दिसत होती. पंप बंद होता त्या पाच दिवसांत हा पाचवा माणूसही उपाशी होता, म्हणून तर आमचा हिशेब इतका स्वच्छ जमला.

झडप बदलली. मोरीतल्या नळाचा वायसर बदलला. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम. पाणी वाचवण्यासाठी मी आयुष्यात केलेलं सर्वांत मोठं काम हे आहे आणि त्यात त्याग वगैरे काहीही नाही, हे मला आजही थोडं खटकतं. आपण पाणी वाचवण्याला एखाद्या व्रतासारखं पाहतो: दात घासताना नळ बंद, अंघोळ अर्धी, मन मोठं. आणि खाली मुकाट रेघ उतरत राहते. व्रतं नकोत असं माझं म्हणणं नाही. पण आधी झडप बघावी.

मग मात्र मला नाद लागला. गरम पाण्याचा नळ सोडल्यावर ते गरम येईपर्यंत किती गार पाणी वाहून जातं ते बादलीत धरून पाहिलं. जवळजवळ चार लिटर. गीझर एका टोकाला, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, आणि मधली दहा-बारा मीटरची नळी कालच्या गार झालेल्या पाण्याने भरलेली. ते सगळं बाहेर पडल्याशिवाय गरम पाण्याची पाळी येत नाही. तिथे आता एक बादली कायमची बसली आहे. तिच्यातलं पाणी निखळ स्वच्छ, कशालाही चालणारं. नळांच्या तोंडाला हवा मिसळणाऱ्या जाळ्या बसवल्या. मिनिटाला दहा-बारा लिटर ओतणारा नळ सहावर आला आणि भांडी घासणाऱ्या हाताला फरक कळला नाही. मिसळलेल्या हवेमुळे धार भरदार वाटते. शॉवरची जागा बादलीने घेतली. बादलीचा गुण असा, की तिला तळ असतो. शॉवरखाली माणूस विचारात हरवतो. बादली त्याला योग्य वेळी जागं करते. शिवाय नव्वद लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला अडीच युनिटांहून जास्त वीज लागते, तेव्हा ते वाहून जातं ते एकटं जात नाही.

पिण्याच्या पाण्याचं यंत्र हे आमच्या घरातलं दुखरं प्रकरण. आरओचं यंत्र पाण्यातले क्षार पडद्याआड अडवतं आणि ते अडवलेले क्षार धुऊन न्यायला आणखी पाणी लागतं. आमच्याकडे मोजलं तर एक लिटर पिण्याचं निघताना तीन लिटर बारीक नळीतून मोरीत जात होते. ते मी पिंपात धरू लागलो: लादी पुसायला, संडासात ओतायला. बरेच दिवस मोठ्या अभिमानाने धरलं. मग कुणीतरी विचारलं, तुमच्या नळाच्या पाण्यात क्षार आहेत तरी किती? तपासून घेतलं. इतके कमी, की ते यंत्र आम्हाला मुळात नकोच होतं. जंतू मारणारा साधा दिवा पुरला असता. आम्ही ते का घेतलं होतं? सगळ्यांकडे होतं म्हणून. आता नळाच्याच जोडावर दिव्याचं यंत्र आहे आणि पिंप रिकामं झालं. वाया जाणारं पाणी नेटकेपणाने वापरण्याच्या नादात ते वाया का जातंय हे विचारायचं राहून जातं, हा धडा मी एका पिंपाची जागा अडवून शिकलो.

चुकाही केल्या. जुन्या फ्लशच्या टाकीत वीट टाकावी म्हणजे तेवढं पाणी कमी भरतं, असा सल्ला सर्रास मिळतो. मी टाकली. ती महिनाभरात विरघळू लागली आणि तिची माती नव्या झडपेखाली जाऊन बसली. आता तिथे पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची दोन बाटल्यांची जोडी आहे. मात्र टाकी आधीच लहान, सहा लिटरांची असेल तर हे करू नये. मग दोनदा कळ दाबावी लागते आणि बचत उलटते. कपड्यांचं साबणाचं पाणी कुंड्यांना घालून मी दोन झाडं मारली. साबणातलं सोडियम मातीत साचतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या कपड्यांना भिजवायला मात्र उत्तम. आणि अंघोळीचं पाणी साठवून दोन दिवस ठेवण्याचा प्रयोग कुणी करू नये. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात उभं राहवत नव्हतं. असं पाणी त्याच दिवशी संपवायचं असतं. आईला हे ठाऊक होतं. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं," एवढंच म्हणाली.

याच काळात मी घरात असह्य झालो होतो, हे बायकोचं मत नोंदवून ठेवतो. न्हाणीघराच्या दाराशी घुटमळणं, भांड्यांच्या आवाजावर कान ठेवणं, लेकीकडे आलेल्या मैत्रिणींना शॉवरऐवजी बादली दाखवणं. लेक माझ्या नावाच्या आधी 'फौजदार' लावू लागली. एकदा बायको शांतपणे म्हणाली, "भांडी मी घासते, लादी मी पुसते, कपडे मी लावते, आणि पाण्याचा हिशेब तू ठेवतोस." त्यावर बोलायला काही नव्हतं. घरातलं बहुतेक पाणी कामाला लागतं, आणि ती कामं करणाऱ्यालाच काटकसरीचा उपदेश ऐकावा लागतो. जो फक्त वापरतो तो वही घेऊन फिरतो. तेव्हापासून रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत. एका टबात साबण, एका टबात स्वच्छ पाणी, आणि शेवटी नळाची बारीक धार. हिशेबाची वही मी फ्रिजवर ठेवून दिली. ज्याला वाटेल त्याने लिहावं. आश्चर्य म्हणजे लेक लिहिते.

आता, या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच स्वतःला अनेकदा घेतला आहे. जगात माणूस नद्या, तळी आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे सत्तर टक्के शेतीला जातं. घरगुती वापर बारा टक्क्यांच्या आसपास. एका सुती टी-शर्टमागे अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडतं, कापसाच्या रोपापासून धरलं तर. माझ्या मापात ती शंभर खेपा. मग मी बादलीतल्या चार लिटरांचं कौतुक का करावं? यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढं दिसतं, की पाणी जागतिक सरासरीतून येत नाही. ते एका विशिष्ट तलावातून, एका विशिष्ट विहिरीतून येतं, आणि शहराच्या वाट्याच्या पाण्यात घरांचा हिस्सा मोठा असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा हिशेब त्या त्या आडाचाच असतो. आणि दुसरं असं, की शर्टाचे शंभर हेलपाटे मला दिसायला लागले ते बादली उचलल्यावरच. त्या वर्षी मी शर्ट कमी घेतले. पाण्यासाठी घेतले नाहीत असं छातीठोकपणे म्हणवत नाही. थोडं वयही झालंय.

या सगळ्या मोजामोजीत सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट मला गच्चीवर सापडली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी बरोबर एक लिटर भरतं. आमची गच्ची दोनशे चौरस मीटरची. दहा मिलिमीटरची एक साधी सर आली तर दोन हजार लिटर. माझ्या ऐंशी खेपा. आणि हे पाणी कुणी न उचलता आधीच वर आलेलं असतं! आपण त्याला मोठ्या नळीने वेगाने खाली नेतो, गटारात सोडतो, आणि मग लांबच्या धरणातलं पाणी आणून, पंप लावून पुन्हा त्याच गच्चीवर चढवतो. इमारतीच्या सभेत मी हे मांडलं. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून खालच्या टाकीत घ्यायचं, निदान संडासाला आणि सफाईला वापरायचं. एकाने विचारलं, "पण मोटर लावावी लागेलच ना पुन्हा वर चढवायला?" लागेल, म्हटलं, पण पाणी तरी आपलं असेल. पुढच्या सभेत ठरवू, असं ठरलं. तीन सभा झाल्या. अजून ठरतंय. पंप मात्र जोडीला दुसरा घेतला गेला, पहिल्याच सभेत, एकमताने.

आमचा आठवड्याचा आकडा आता दोन हजार लिटरांच्या आसपास येतो. माणशी सत्तर. याहून खाली तो गेली दोन वर्षं हललेला नाही, आणि मीही रेटत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली पाणी हा मानवी हक्क मानला. त्या संदर्भात माणशी रोज पन्नास ते शंभर लिटर असं प्रमाण सांगितलं जातं. म्हणजे आम्ही माणसात आहोत. आईचा वापर वेगळा मोजला तर चाळीसही भरणार नाही, पण ते मोजायची माझी हिंमत नाही.

रात्री अकराला मीटर पाहायची सवय मात्र राहिली. कोनाड्याचं दार उघडायचं, बॅटरीचा उजेड पाडायचा, आकडा डोक्यात ठेवायचा आणि मग थोडा वेळ त्या चिमुकल्या चक्राकडे नुसतं बघत राहायचं. ते स्थिर असतं तेव्हा सगळ्या भिंतींतल्या सगळ्या नळ्या भरलेल्या आणि थांबलेल्या आहेत हे कळतं. काल असाच उभा होतो. चक्र एकाएकी हललं. पोटात धस्स झालं. झडप पुन्हा गेली की काय? चक्र जरासं फिरलं आणि थांबलं. मग पुन्हा हललं नाही. दाराच्या फटीतून आत पाहिलं तर स्वयंपाकघरात दिवा लागला होता, आणि आई पेला तोंडाला लावून, एका हाताने ओटा धरून, सावकाश पाणी पीत होती.